मरणार नाही असं काहीतरी

५ ऑक्टोबर

मुंगी,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा कान आणखी थोडा गेला आहे, म्हणजे हवं तेवढंच त्यांना ऐकू येतं, पण ते तर पूर्वीही तसंच होतं.

एक विचारायचं होतं. माळ्यावरून तुझी काचपेटी खाली काढली आहे. बाबा लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचे तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी तुला करून दिलेली. दोन वीत लांब, दीड वीत उंच. इतकी वर्षं धूळ खात पडली होती, पण एकही काच तडकलेली नाही. राख आणि लिंबाची साल घेऊन घासली, आता आरपार दिसते. तिच्यात पुन्हा काही ठेवावं असं मनात आहे. एवढ्याशा पेटीत कुठली रोपं धरतात, कुठला जीव सुखाने राहतो, हे तुला कळतं, मला नाही. चार ओळींत कळव. कासव चालेल का? त्याला आयुष्य फार असतं म्हणतात.

या वयात हे काय खूळ, असं म्हणशील. म्हण.

आणखी एक. जावयांचं पत्र आलं होतं. तुला न सांगता लिहिलं म्हणून त्यांच्यावर डाफरू नकोस, माणूस घाबरलाय. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि तू त्याला अजून एकदाही उचलून घेतलं नाहीस, असं त्यांनी लिहिलंय. पाजतानासुद्धा ते बाळाला उशीवर ठेवतात आणि तू हात पाठीमागे घेऊन वाकतेस. अंघोळ, दुपटी, झोपवणं, सगळं तेच करतात. डॉक्टरांना तू म्हणालीस की माझे हात बरे नाहीत. डॉक्टरांनी तपासले, हातांना काही झालेलं नाही. एकतीस तारखेला जावयांची रजा संपते. एक तारखेपासून सकाळी आठ ते संध्याकाळी सात घरात तू आणि बाळ, दोघंच. "यामागे काही जुनं असेल तर आपणच सांगू शकाल," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

मी त्यांना अजून उत्तर पाठवलेलं नाही. आधी पेटीचं बघते.

आई


९ ऑक्टोबर

मुंगी,

तुझं उत्तर येईल अशी आशा धरली नव्हती, त्यामुळे वाटही पाहिली नाही. अकरा वर्षांत आपण फोनवर दोन मिनिटांच्या वर बोललो नाही. त्यातलं एक मिनिट हवापाण्याचं. म्हणून मीच बाजारामागच्या गल्लीत मासे आणि लहान जीव विकणारं दुकान आहे तिथे गेले. बाई चालवतात. जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मला आत पाऊल टाकताच आजी म्हणाल्या. त्यांचेही केस काही काळे नव्हते, पण असो.

मला मरणार नाही असं काहीतरी हवंय, हे मी आधीच सांगून टाकलं. त्या चष्मा लावून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आजी, तसा माल अजून आलेला नाही."

पेटीचं माप सांगितल्यावर त्यांनी कासवाला साफ नकार दिला. तुम्हाला कुणी न्हाणीघरात कोंडून जन्म काढा म्हटलं तर काढाल का, असं वर विचारलं. पालीची जात नको, तिला ऊब लागते आणि चढायला उंची लागते. बेडूक नको, तो नाजूक, हाताच्या मिठानेही त्याला त्रास होतो. (हे मी त्यांना दोनदा सांगायला लावलं. का, ते पुढे लिहिते.) भराभर वाढणारी वेल नको, दोन महिन्यांत ती पेटी खाऊन टाकते. जे आत ठेवाल त्याला त्याच पेटीत म्हातारं होता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बोटभर उंचीचे दोन नेचे, पांढऱ्या शिरांच्या पानांचं एक रोप, शेवाळाचा तुकडा, रुपयाएवढ्या दोन गोगलगायी आणि ते राखाडी किडे, बोट लावलं की गोळी होणारे, सहा. गोगलगाय एकच न्यावी असा माझा विचार होता. एकटी ठेवू नका, म्हणाल्या.

खाली खडी, वर कोळशाचा चुरा, त्यावर माती. खडी कोपऱ्यावर बांधकाम चाललंय तिथून आणली, कोळसा घरचा. पेटी गॅलरीत तुझ्याच फळीवर ठेवली आहे. पाणी आपलं नेहमीचंच, देवाजवळ रात्रभर ठेवलेलं. तेव्हाही मी तेच घालायची, आठवत असेल. सकाळी ते मोरीत जायला नको आणि जिवांनाही चांगलं.

आता हे सगळं कशासाठी ते सांगते. बाळाचं ऐकल्यापासून मला झोप नाही. तू दहा वर्षांची होतीस. तुझा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुझं मन रमावं म्हणून बाबांनी पेटी केली होती. तिच्यात आणलेला एकही जीव टिकला नाही. गोगलगायी गेल्या, किडे गेले, शेवटी तो हिरवा बेडूक गेला. तो तुझ्या तळहातावर होता आणि मी म्हणाले, "तुझ्या हाताला काही जगत नाही."

तू रडली नाहीस. बेडूक खाली ठेवलास, हात पुसलेस आणि पाठीमागे घेतलेस. त्या दिवसापासून तू हात पाठीमागे घेऊनच घरात फिरायचीस. बाबा म्हणायचे, आले आमचे तपासणी साहेब, आणि आपण हसायचो. म्हणजे बाबा आणि मी.

तुला ते वाक्य आठवत नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. जावयांचं पत्र वाचलं आणि कळलं की तू तेच वाक्य सांभाळत बसली आहेस.

म्हणून बघायचंय. तीच पेटी, तीच फळी, तेच घर. फक्त तुझे हात नाहीत. जे काय व्हायचं ते आता तुझ्याशिवाय होऊ दे.

आई


१८ ऑक्टोबर

मुंगी,

पहिली गोगलगाय सहाव्या दिवशी गेली. शंखातून अर्धी बाहेर आली आणि तशीच राहिली. किडे परवापासून दिसत नव्हते, आज माती उकरली तर सहाही गोळी होऊन पडलेले. बोट लावलं तरी उलगडेनात. दुसरी गोगलगाय आज सकाळी गेली. झाडांना मात्र काही नाही. नेच्याला नवा कोंब आलाय. तेव्हाही असंच व्हायचं, आठवतं? रोपं हिरवीगार आणि जीव तेवढे जायचे.

आता कबूल करते ते कुणाला वाचून दाखवू नकोस. दुसरी गेलेली बघितली आणि मला आनंद झाला. तुझे हात इथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहेत. तू या जिवांना बघितलंसुद्धा नाहीस. मी तशीच देवापुढे गेले, हात जोडले, आणि जोडल्यावर लक्षात आलं की दोन मुक्या जिवांच्या मरणाबद्दल मी देवाचे आभार मानते आहे.

आणखी एक सांगायचं आहे. लिहू की नको असं चार दिवस चाललंय. पेटी खाली काढल्यापासून गॅलरीत कुणीतरी असतं. दिवेलागणीला दार ओढायला जाते तेव्हा फळीसमोर उकिडवं बसलेलं. दोन वेण्या, गुडघे हनुवटीशी, हात पाठीमागे. मी पुढे झाले की नसतं. पण काचेवर बाहेरून वाफेचा एक डाग असतो, कपाळ आणि नाक टेकल्यासारखा. बोटांची खूण कधीच नसते. बाबांना दाखवला. ते म्हणाले, हवा दमट आहे. मी पुसते, दुसऱ्या दिवशी परत.

मेलेल्याचं भूत मागे राहतं असं ऐकलंय. पण आपलं गेलेलं बाळ, तुझा भाऊ, कधी येत नाही ग. येतेस ती तू. आणि तू तर चांगली तेहतीस वर्षांची, नवरा-मूल असलेली, दूर कुठेतरी नांदते आहेस. जिवंत माणसाचं भूत घरात राहू शकतं का, हे कुणाला विचारायचं? मी रोज तिच्यासाठी जप करते. मग मनात येतं, मेलं कोण आणि जप कुणाचा.

उद्या दुकानात जाऊन विचारते, हे जीव का गेले.

आई


२० ऑक्टोबर

मुंगी,

दुकानात जाऊन आले. पाण्यात काहीतरी दोष असावा, असं त्या बाई म्हणाल्या. हल्ली नळाच्या पाण्यात औषध फार घालतात. तेव्हा हा विषय इथे संपला. तुझ्या हातांचा काही संबंध नाही, हे सिद्ध झालं आहे. कुणाचाच दोष नाही.

आता मनातलं काढून टाक आणि बाळाला घे. जावयांनाही तसंच कळवते.

बाबांना बरं आहे.

आई


२३ ऑक्टोबर

मुंगी,

वीस तारखेचं पत्र खोटं होतं. जावयांना लिहिलेलं पाठवलं नाही, फाडलं. हे मात्र सगळं वाच. मध्येच ठेवू नकोस.

दुकानात काय झालं ते असं. बाईंनी शंख हातात घेतला, वास घेतला, पेटी उन्हात होती का विचारलं. नव्हती. खायला काय घातलं? काकडीची सालं आणि अंड्याची टरफलं. घरात किडे मारायचं औषध मारता का? मी म्हटलं, आमच्या घरात मुंगीलासुद्धा कुणी मारत नाही. मग पाणी कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की माझ्या घरात याहून शुद्ध पाणी नाही. रात्रभर देवाजवळ तांब्याच्या लोट्यात ठेवलेलं असतं, सकाळी पूजा झाली की तेच पेटीत शिंपडते.

गिऱ्हाईक उभं होतं त्याला त्यांनी थांबायला सांगितलं आणि मागच्या कप्प्यातून एक निळी बाटली आणली. माशांच्या टाकीत गोगलगायी फार झाल्या की त्या मारायला हे घालतात, म्हणाल्या. तांब्याचंच असतं.

"आजी, आपल्याला चालतं तांब्याचं पाणी. यांना नाही चालत. थोडं थोडं रोज गेलं की आठवड्यात संपतात. बेडकांनाही तसंच."

मी विचारलं, झाडांना? झाडांना एवढ्याने काही होत नाही, म्हणाल्या.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. आले ती आधी जुन्या वह्या काढल्या. घरात काय आलं आणि घरातून काय गेलं हे मी रोज लिहिते, तू त्यावरून मला चिडवायचीस. त्या वर्षीच्या वहीत तुझे सगळे जीव आहेत, आणल्याची तारीख, गेल्याची तारीख. नऊ दिवस, अकरा दिवस, सात दिवस. मधली अडीच महिन्यांची पानं माझ्या अक्षरात नाहीत. माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि मी तिच्याकडे राहिले होते. तू आणि बाबा, दोघंच घरात होतात. वही तू लिहिलीस. "गोगलगायी सहा. आज पण सहा. एकीने अंडी घातली. पिल्लं अकरा. बेडूक आणला, हातावर बसतो." अडीच महिन्यांत एकही जीव गेला नाही, मुंगी. रोज तुझे हात आत होते आणि एकही गेला नाही. उलट वाढले.

तुझे बाबा काही पूजा करत नाहीत. तुम्ही माठातलं पाणी घालत होतात.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझं अक्षर आहे. तेरा दिवसांत सगळे गेले. बेडूक तेराव्या दिवशी. ही वही तेव्हाही फडताळात होती. मला फक्त उघडून दोन पानं शेजारी शेजारी वाचायची होती. मी नाही वाचली, कारण मला आधीच माहीत होतं कुणामुळे ते.

बाबांना जोरजोराने सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "काच मी कापली, पाणी तू घातलंस, आणि हात तिचे बदनाम." आणि उठून गॅलरीत जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

पण एवढ्यावर थांबले तर हेही अर्धंच पत्र होईल. मी ते वाक्य बेडकाबद्दल बोलले नव्हते. तुलाही ते तेव्हाच कळलं होतं.

तुझा भाऊ, आपलं बाळ, गेलं तेव्हा ते तुझ्या मांडीवर होतं. तू आठ वर्षांची होतीस. मी आत दार लोटून पूजेला बसले होते आणि जरा बाळाला धर म्हणून तुझ्याकडे दिलं होतं. मधलं काही सांगण्यासारखं नाही. मी बाहेर आले तेव्हा ते गेलेलं होतं आणि तू त्याला तसंच नीट धरून बसली होतीस, मान सांभाळून, मी शिकवलं होतं तसं.

त्याच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. महिन्याचा होता तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं की हा फार दिवसांचा नाही, कधीही जाईल, झोपेत जाईल किंवा दूध पिता पिता जाईल. आम्ही कुणाला बोललो नाही. लहान पोरीला काय सांगायचं, असं तेव्हा ठरवलं. आणि नंतर सांगितलं नाही, याला मात्र काही कारण नाही. बाबा म्हणायचे सांगून टाकू. मीच नको म्हणायची. तू विचारत नव्हतीस आणि मी समजत होते की तू विसरलीस. खरं सांगायचं तर, दोष तुझ्याकडे असला की माझ्याकडे काही उरत नव्हतं. एवढंच त्याचं कारण. आईने पोरीच्या पदरात असलं काही टाकू नये. मी टाकलं.

डॉक्टरांचा तो कागद मी देवाच्या फोटोमागे ठेवला होता. तो सोबत पाठवते. तारीख बघ. बाळ गेलं त्याच्या तीन महिने आधीची आहे. वहीची ती पानंही फाडून पाठवते. मी आयुष्यात वहीचं पान फाडलेलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. मागून मिळवायची ती गोष्ट नव्हे. तू फक्त कागद वाच, आणि तुझी अक्षरं वाच.

एकतीस तारखेच्या आत हे पोहोचावं म्हणून आजच टपालात टाकते.

आई


१ नोव्हेंबर

मुंगी,

दुपारी तुझा फोन आला, तेव्हा हे पत्र लिहायची खरं तर गरज नाही. पण जे बोलणं झालं ते कागदावर असलेलं बरं. उद्या मी ते मला सोयीचं आठवेन. माझा स्वभाव आता मला कळला आहे.

जावई सकाळी कामावर गेले, असं तू म्हणालीस. बाळ झोपलंय म्हणालीस. कागद मिळाले म्हणालीस. मला वाटलं आता हवापाण्याचं निघेल.

तू म्हणालीस, "मधलं काही सांगण्यासारखं नाही, असं लिहिलंयस. मी तुला हाक मारली होती. ऐकू आली होती का?"

मी कागदांमागे कागद पाठवले, आणि जे पाठवलं नाही त्यावर तू नेमकं बोट ठेवलंस.

मी म्हणाले, "आली होती."

"किती वेळा?"

"दोनदा."

पहिल्यांदा नुसतं आई. दुसऱ्यांदा, आई, बाळ कसं करतंय बघ ना. दार लोटलेलं होतं आणि मी आतून हात वर केला, थांब म्हणून, जसा काही तुला तो दिसणार होता. स्तोत्राच्या चार ओळी उरल्या होत्या. त्या म्हटल्या, नमस्कार केला आणि मग उठले. तुम्ही धावत आला असतात तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या वाक्याचा आडोसा मी इतकी वर्षं घेतला. आज तुझ्याशी बोलताना घेतला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

तू म्हणालीस, "मला वाटायचं, मी हळू हाक मारली."

मी म्हणाले, "नाही. चांगली मोठ्याने मारली होतीस. मी ऐकूनही उठले नाही."

बाबा समोर बसले होते. त्यांनी खुणेने काय झालं विचारलं, मी त्यांना गप्प केलं.

मग तिकडे बाळ उठलं. आधी कुरकुर, मग रडं. दुसऱ्या खोलीत असावं, भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. जा, त्याला घे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तुझ्या हातांबद्दल मी एकदा बोलले आहे, पुन्हा बोलायचा मला हक्क नाही. रडं वाढलं. तुझी चप्पल वाजली. दोन पावलं, मग काहीच नाही. मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यायला गेले आणि तेही थांबवलं, ऐकण्यात खंड नको म्हणून.

मग पुन्हा पावलं. रडं जवळ आलं. आणखी जवळ आलं. मग इतकं जवळ की मला फोन कानापासून लांब धरावा लागला आणि बाबांनासुद्धा ऐकू गेलं. ते उठून उभेच राहिले.

मग ते थांबलं. श्वास ऐकू येत होते, एक मोठा, एक लहान.

मी काही विचारलं नाही. फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. दोन्ही हात अडकलेले असले की तो ठेवता येत नाही.

आई